महिकावतीची बखर : रचलेला प्रांत आणि खरा हिशेब

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी संपादिलेली ‘महिकावतीची ऊर्फ माहीमची बखर’ १९२४ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे २०२४ साली तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. मराठी गद्याच्या इतिहासात या ग्रंथाचे नाव आदराने घेतले जाते. परंतु आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांपैकी फारच थोड्यांच्या हाती तो गेला असावा. कारण उघड आहे. ग्रंथाची भाषा जुनी, विषय उत्तर कोकणचा, आणि आम्ही पडलो घाटावरचे. समुद्राकाठच्या भाताची, मिठागरांची आणि माडांची कथा वाचून ज्वारी-बाजरीच्या मुलखातील माणसाने काय करावे, असा प्रश्न अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) वाचकाने विचारला, तर त्यास दोष देता येणार नाही.

तरीही हा ग्रंथ आमच्या वाचकांनी वाचावा, आणि डोळे उघडे ठेवून वाचावा, असे आम्हांस वाटते. ज्या इच्छेतून ही बखर जन्मास आली, ती इच्छा आज आपल्या घरांत शिरली आहे. धर्मग्रामांचे सुवर्णमहोत्सव, अमृतमहोत्सव, शताब्दी साजऱ्या होतात, स्मरणिका निघतात, आणि त्या स्मरणिकांतून घराण्यांचे इतिहास छापण्याची हौस वाढत चालली आहे. हौस चांगलीच आहे. परंतु माहिती जिथे संपते तिथे लेखणी थांबतेच असे नाही. मूळ पुरुष कोणी सरदार होता, अमुक लढाईत त्याने पराक्रम केला, अमुक राजाने त्याला गाव इनाम दिला, अशी वाक्ये आधाराविना उमटू लागतात. पूर्वजांना मान मिळावा ही भावना समजण्यासारखी आहे. पण रचलेला भूतकाळ कशासाठी रचला जातो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे समजून घ्यावयाचे असेल तर महिकावतीच्या बखरीसारखा दुसरा पाठ मराठीत क्वचितच सापडेल.

१. मालाडची सभा

ही बखर एका हाताने लिहिलेली नाही. तिच्यात निरनिराळ्या काळी भर पडत गेली. काही भाग गद्यात आहे, काही ओवीबद्ध आहे. तिचा सर्वांत जुना गाभा केशवाचार्य नावाच्या लेखकाचा असून त्याचा काळ शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८, असा दिलेला आहे. ग्रंथाच्या जन्माची कथा ग्रंथातच सांगितली आहे. मालाडचा देसला नायकोराव यास देवीचा दृष्टांत होतो. लोक आपले कुळ, आपला आचार, आपला धर्म विसरले आहेत, तो त्यांना पुन्हा सांगितला पाहिजे, अशी आज्ञा होते. मग ठिकठिकाणची कुळे एकत्र बोलावली जातात आणि केशवाचार्य त्या सभेपुढे प्रांताची हकीकत आणि कुळांची परंपरा सांगतात. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द याच ग्रंथात, समर्थ रामदासांच्या कितीतरी आधी, आढळतो. या शब्दावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. येथे मात्र त्याचा रोख साधा आहे : ज्या कुळाचा जो आचार आणि जो मान, तो त्याने राखावा.

वाङ्मयाच्या दृष्टीने ही सभा हीच या ग्रंथाची किल्ली होय, असे आमचे मत आहे. श्रोता समोर बसला आहे, आणि तो नुसता श्रवणसुखासाठी आलेला नाही. आपल्या कुळाचे नाव केव्हा येते, कोणाच्या आधी येते, कोणत्या गावाबरोबर येते, याकडे त्याचे कान आहेत. म्हणून या बखरीत नावांना पूर येतो. गावे, कुळे, पदे, नाती यांची यादी एकामागून एक येते आणि आजच्या वाचकाला कंटाळा येतो. पण तो कंटाळा आपला आहे, त्या सभेचा नाही. लग्नाच्या मांडवात आहेराची यादी मोठ्याने वाचली जात असता परका माणूस जांभया देतो, घरचा माणूस मात्र एकेक नाव टिपून ठेवतो; तशातला हा प्रकार आहे.

बखर सांगते ती हकीकत थोडक्यात अशी. शके १०६० मध्ये, म्हणजे ११३८ साली, प्रतापबिंब नावाचा राजा उत्तर कोकणात उतरला. त्याने माहीम येथे, म्हणजे महिकावती येथे, राजधानी केली. प्रांत ओसाड होता म्हणून त्याने सहासष्ट कुळे आणून वसविली आणि त्यांना गावे व मानपान नेमून दिले. पुढे त्याचे वंशज झाले, राज्य हातचे गेले, पुन्हा मिळाले. देवगिरीच्या यादवांवर संकट आले तेव्हा यादवकुळातील बिंबदेव कोकणात आला आणि नवी घडी बसली. उत्तर कोकणातील सोमवंशी आणि पाठारे कुळांच्या परंपरेत मूळ ठिकाण म्हणून पैठणचे नाव वारंवार येते. पैठण म्हणजे आमच्या शेवगाव तालुक्याला लागून असलेले गाव. तेव्हा समुद्राकाठच्या या कथेचे एक मूळ गोदाकाठी पोहोचते, हे नगरच्या वाचकाने ध्यानी घ्यावे.

२. शिलालेख काय म्हणतात

आता या हकीकतीचा खरेपणा तपासू. ११३८ साली उत्तर कोकण ओसाड नव्हते आणि बेवारसही नव्हते. तेथे शिलाहारांचे राज्य नांदत होते. पहिला अपरादित्य या शिलाहार राजाचा तो काळ. त्याने काश्मीरच्या पंडितसभेत आपला प्रतिनिधी पाठविल्याची नोंद मंख कवीच्या संस्कृत काव्यात आहे. त्याच्यानंतरच्या हरिपालदेवाचा शिलालेख वसईजवळच्या आगाशीस सापडला असून तो ११५० सालचा आहे. म्हणजे ज्या भूमीवर प्रतापबिंबाने बारा वर्षांपूर्वी राज्य स्थापिले असे बखर म्हणते, त्याच भूमीवर दगड दुसऱ्याच राजाचे नाव सांगतो. शिलाहारांची ही शाखा पुढे शतकभर टिकली. शेवटचा राजा सोमेश्वर याचा यादव महादेवाने समुद्रावर पराभव केला आणि १२६५ च्या सुमारास ते राज्य संपले.

यादवांच्या बाबतीतही अडचण आहेच. देवगिरीचा रामदेवराव यादव आम्हांस परका नाही. आमच्याच जिल्ह्यातील नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि तिच्या अखेरीस या राजाचा उल्लेख ज्ञानदेवांनी केला आहे. त्याचाच पुत्र कोकणात उतरला असे परंपरा मानते. काही अभ्यासकांना हा बिंब यादव नसून गुजरातकडचा वाटतो. काहींना दोन बिंबांच्या कथा एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटतात. राजवाड्यांनी बखरीतील कालगणनेची गाठ सोडविण्यासाठी पुष्कळ श्रम घेतले. त्यांची चिकाटी वंदनीय आहे. पण गाठ पुरती सुटलेली नाही.

तात्पर्य असे की, राजांच्या इतिहासासाठी ही बखर एकट्याने साक्ष देऊ शकत नाही. महिकावतीचा प्रांत नकाशावर खरा आहे, त्याची गावे खरी आहेत, परंतु त्याचा आरंभ रचलेला आहे. ओसाड भूमी, शूर राजा, त्याने बोलावून आणलेली निवडक कुळे, आणि पहिल्याच दिवशी ठरून गेलेले सर्वांचे मान, असा आरंभ इतका सोयीचा आहे की तो कोणाच्या सोयीचा होता हे विचारणे भागच पडते.

३. भात, मीठ आणि मान

येथे या ग्रंथाची खरी किंमत सुरू होते. राजांविषयी डळमळीत असलेली ही बखर जमिनीविषयी बोलू लागली की तिचा स्वर बदलतो. गाव कोणते, कोणाकडे, कोणत्या नात्याने, त्यावर कोणाचे पद, हे ती हिशेबनिसाच्या काळजीने सांगते. देसला, चौधरी, म्हातरा, पाटील ही त्या व्यवस्थेतील पदे होत. पद म्हणजे नुसता मान नव्हे. गावच्या उत्पन्नात हिस्सा, सणात अग्रमान, तंट्यात बोलण्याचा अधिकार, हे सारे पदाबरोबर येत असे. म्हात्रे, चौधरी, पाटील ही त्या पट्ट्यातील आडनावे आजही पदांची आठवण देतात.

उत्तर कोकणची अर्थव्यवस्था कशावर उभी होती? खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भाताच्या खाचरांवर, मिठागरांवर, माड-ताडांच्या बागायतीवर, मासेमारीवर आणि ठाणे, सोपारे, चौल अशा बंदरांतून होणाऱ्या व्यापारावर. खाचराचा बांध एका माणसाने घातला जात नाही आणि एका वर्षात होत नाही. तो फुटला तर साऱ्या गावाचे पीक जाते. अशा मुलखात जमिनीवरचा हक्क म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या श्रमावरचा हक्क. आणि तो सिद्ध करावयाचा तर कागदाइतकीच स्मृतीची गरज.

१४४८ सालची स्थिती आठवावी. शिलाहार गेले, यादव गेले, दिल्लीची सत्ता येऊन गेली, बहामनी आणि गुजरातचे सुलतान यांच्यांत माहीमवरून झुंज झाली आणि तो पट्टा गुजरातकडे राहिला. राज्यकर्ता दूर, भाषा वेगळी, आणि वसुली करणारा मात्र दारात उभा. अशा वेळी गावच्या पदस्थ कुळांना एका गोष्टीची निकड होती : आमचे हक्क तुमच्या राज्यापूर्वीचे आहेत, असे सांगता येण्याची. जुन्यात जुना राजा शोधावा आणि त्याच्या हातून आपल्या पणजोबाच्या पणजोबाला गाव देववावे, ही त्या निकडीची स्वाभाविक परिणती होय. म्हणून आम्ही म्हणतो की, बखरीतील राजा रचलेला असेल, पण त्याला रचावयास लावणारी गरज रचलेली नाही.

राजवाड्यांची प्रस्तावना हा स्वतंत्र ग्रंथच आहे आणि तिच्याविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. एवढी राज्ये आली नि गेली, तरी सामान्य गावकरी त्याविषयी उदासीन का राहिला, हा प्रश्न त्यांनी निर्भीडपणे विचारला. या भूमीत अन्न सहज मिळते, म्हणून माणूस राजकारणाविषयी बेपर्वा झाला, असे एक उत्तर त्यांनी दिले. राजवाड्यांविषयी पूर्ण आदर राखून आम्ही या उत्तराशी असहमत आहोत. अन्न सहज कोणाला मिळत होते? खाचराचा बांध घालणाऱ्याला की बांधावर उभ्या असलेल्या देसल्याला? आमच्या जिल्ह्यातील १८७६ ते १८७८ चा दुष्काळ ज्यांच्या घराण्यांनी सोसला, त्यांना तरी ‘सहज मिळणारे अन्न’ हे शब्द गळ्याखाली उतरणार नाहीत. राज्य बदलले तरी आपला हिस्सा बदलत नाही हे ज्याला अनुभवाने कळले, त्याने राज्याकडे पाठ फिरविली. त्याला बेपर्वाई म्हणण्यापेक्षा हिशेब म्हणणे अधिक न्यायाचे.

४. दुसरा हिशेब : सिमांव बोतेल्युची वही

बखरीच्या शेजारी ठेवून वाचावा असा दुसरा एक दस्तऐवज त्याच किनाऱ्याविषयी उपलब्ध आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे वसई, साष्टी, ठाणे, मुंबई, दमण, चौल मिळून पोर्तुगीजांचा ‘उत्तरेचा प्रांत’ बनला. हाही एका अर्थी रचलेलाच प्रांत; गोव्याच्या उत्तरेस म्हणून उत्तरेचा, येथील माणसाच्या दृष्टीने त्या नावाला अर्थ नव्हता. १५५४ साली सिमांव बोतेल्यु या महसूल अधिकाऱ्याने पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची वही तयार केली. तिच्यात राजांच्या कथा नाहीत, देवीचा दृष्टांत नाही. गाव, खंड, रक्कम, पुढे चला. मात्र त्या परक्या वहीत आपले दोन शब्द जाऊन बसले आहेत. भाताला तेथे ‘बाते’ म्हटले आहे आणि ते मोजण्याच्या मापाला ‘मुरा’, म्हणजे आपला मुडा. राज्य लिस्बनचे झाले तरी भात मुड्यानेच मोजावे लागले, याहून त्या अर्थव्यवस्थेच्या चिवटपणाचा पुरावा कोणता हवा?

नगरकरांना या प्रांताशी आपला संबंध नाही असे वाटत असेल तर तेही खरे नव्हे. चौल हे निजामशाहीचे बंदर. अहमदनगरच्या दरबाराला लागणारे अरबी घोडे आणि परदेशी माल त्याच वाटेने वर येई. बुऱ्हाण निजामशहाने १५२१ मध्ये पोर्तुगीजांना चौलला किल्ला बांधू दिला. मुर्तझा निजामशहाने १५७०-७१ मध्ये त्याच चौलला मोठा वेढा घातला, पण ते हाती आले नाही. १५९४ मध्ये समोरच्या कोर्लईचा डोंगरही पोर्तुगीजांनी घेतला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या वनौषधींवरील प्रसिद्ध ग्रंथाचा कर्ता गार्सिया द ओर्ता याने बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले होते, आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. नगरच्या राजवाड्यात नाडी पाहणारा वैद्य मुंबईच्या माडांचा खंडकरी असावा, इतका हा घाट आणि ती खाडी एकमेकांना जवळ होती.

बखर आणि वही यांची तुलना केली म्हणजे दोहोंची उणीव दिसते. बखरीत माणसे आहेत, पण त्यांचा भूतकाळ सजविलेला आहे. वहीतले आकडे काटेकोर आहेत, पण त्यांत माणूस नाही. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म त्याच वसईत, ती वही लिहिली गेल्यानंतर थोड्याच वर्षांत झाला. वडील पोर्तुगीज, आई तेथलीच. जपानात त्यांनी व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले, आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्यांच्या आईच्या गावचे भात हिशेबात धरले गेले असेल. तिचे नाव त्या हिशेबात येण्याचे कारणच नव्हते.

वसईकडील अनेक कॅथलिक कुटुंबे सोमवंशी, सामवेदी, कोळी या समाजांतून आलेली आहेत. म्हणजे बखरीतील सहासष्ट कुळांच्या परंपरेचा वारसा सांगणारी घरे आज देवळातही आहेत आणि चर्चमध्येही आहेत. त्यांना या बखरीविषयी आपुलकी वाटावी हे योग्यच होय. पण आमचे काय?

५. यादीबाहेरचे

ज्यांना गाव मिळाले त्यांची यादी बखरीत आहे. गाव मिळण्यापूर्वी तेथे कोण होते? ‘ओसाड’ हा शब्द वाचताना वाचकाने थबकावे. कातकरी, वारली, ठाकूर, कोळी हे त्या भूमीचे जुने रहिवासी; आणि राजवाड्यांच्या मोठेपणाची साक्ष ही की, मूळ ग्रंथ ज्यांना ओलांडून जातो त्यांची दखल त्यांनी प्रस्तावनेत घेतली आहे. भूमी ओसाड नसते. ती ज्यांची असते त्यांना मोजले जात नाही, एवढेच.

आमच्या जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज अशाच न मोजल्या गेलेल्यांपैकी होते. महार आणि मांग समाजांतून ती आली. गावगाड्यात त्यांचे काम ठरलेले, वाटा ठरलेला, बसण्याची जागाही ठरलेली, आणि ती वेशीबाहेर. त्यातही एक मोठा विरोधाभास होता. दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे महाराची साक्ष अखेरची मानली जाई, कारण शिवेचा दगड न् दगड त्याला ठाऊक असे. ज्याच्या तोंडच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याच्या स्वतःच्या नावावर त्या हद्दीत अभिमानाने दाखवावे असे काही नव्हते. आणि त्याच्या पूर्वजाचे नाव कोणत्याही बखरीच्या यादीत नव्हते.

म्हणून त्यानेही आपली बखर रचली. बेदरच्या बादशहाची अब्रू अमृतनाक नावाच्या महाराने राखली आणि बादशहाने प्रसन्न होऊन त्याच्या जातीला बावन्न हक्क दिले, ही कथा महाराष्ट्रभर सांगितली जात असे. मेलेल्या जनावराचे कातडे, खळ्यावरचे धान्य, सणाचा नैवेद्य, असे ते हक्क. केशवाचार्यांच्या सभेत आणि या कथेत तत्त्वतः काय फरक आहे? दोन्हीकडे एक राजा आहे, एक उपकार आहे आणि त्याच्या मोबदल्यात मिळालेला कायमचा हक्क आहे. फरक इतकाच की, तिकडे राजाने गावे दिली आणि इकडे बादशहाने उष्टे दिले. आणि वतनाच्या या बेडीला हक्काचे नाव देणारी कथा पिढ्यान् पिढ्या गोड वाटत राहिली, हे सर्वांत दुःखद. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महार वतनाविरुद्ध का झगडा दिला हे येथे कळते. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली.

या तुलनेतून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, रचलेला इतिहास दुर्बलाला क्षणभर ताठ उभे करतो, परंतु ज्या व्यवस्थेने त्याला वाकविले तिचेच माप तो वापरतो. कुळाचा मान राजाच्या देणगीवर ठरतो हे एकदा मान्य केले की, देणगी न मिळालेल्याला मान नाही हेही मान्य करावे लागते. आज आपल्या स्मरणिकांतून सरदार पूर्वज अवतरतात तेव्हा आपण नकळत हेच मान्य करीत असतो. शेतावर राबलेल्या, दुष्काळात पोरे जगविण्यासाठी गाव सोडलेल्या आजीपेक्षा तलवार घेतलेला काल्पनिक आजोबा आपल्याला अधिक मोलाचा वाटू लागतो.

६. दुसरी वंशावळ

कोणी म्हणेल, वंशावळ मांडणे हे पवित्र शास्त्रालाही वर्ज्य नाही. खरे आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीने होतो, आणि तीही मांडलेली आहे. चौदा चौदा पिढ्यांचे तीन गट जुळावेत म्हणून मधली काही राजांची नावे तीत गाळलेली आहेत, हे शास्त्राभ्यासक सांगतात. पण त्या मांडणीचा रोख पाहावा. ज्या नावांनी घराण्याला कमीपणा येईल असे जगाला वाटते, ती नावे तेथे मुद्दाम घेतली आहेत : तामार, राहाब, परदेशी रूथ, आणि उरीयाची पत्नी. केशवाचार्यांची यादी कोण आत आहे हे सांगून दार लावून घेते. मत्तयाची यादी दार उघडे ठेवते. वंशावळ लिहिणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने या दोन नमुन्यांपैकी आपण कोणता गिरवीत आहोत, हे स्वतःस विचारावे.

आणि लिहावयास आपल्याजवळ साधन नाही असेही नाही. किंबहुना बखरवाल्यांपाशी नव्हते ते आपल्यापाशी आहे. आपल्या धर्मग्रामांतील स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या पाहाव्यात. त्यांत बाळाचे नाव आहे, जन्मतारीख आहे, आईचे आणि बापाचे नाव आहे, गाव आहे, धर्ममातापित्यांची नावे आहेत. बोतेल्युच्या वहीचा काटेकोरपणा तेथे आहे, पण मोजले आहे ते भात नव्हे, माणूस. देसल्याच्या मुलाला जेवढी ओळ, तेवढीच वेशीबाहेरच्या मुलाला. आमच्या मते नगर जिल्ह्यातील गरिबांच्या इतिहासाचे यापरते साधन नाही. ‘निरोप्या’ हे आपले मासिक १९०३ साली याच जिल्ह्यातील केंदळ येथून सुरू झाले. त्याचे जुने अंकही अभ्यासकाची वाट पाहत आहेत.

या नोंदवह्यांनाही मर्यादा आहेत, हे लपवू नये. त्या मिशनच्या आरंभापासूनच्या आहेत; त्यामागे जाऊन त्या काही सांगत नाहीत. लिहिणारा बहुधा परदेशी धर्मगुरू, त्यामुळे गावाचे आणि माणसाचे नाव त्याच्या कानाला जसे लागले तसे उतरले. आडनाव कधी आहे, कधी नाही. धर्मांतरापूर्वी आजी कोणत्या देवाला नवस बोलत होती, हे तेथे कोणी विचारलेले नाही. परंतु ही पोकळी ठाऊक असणे आणि ती सरदाराने भरून काढणे यांत फार अंतर आहे. पहिली गोष्ट इतिहास होय. दुसरी बखर होय.

महिकावतीची बखर आम्ही टाकाऊ मानतो असा अर्थ मात्र कोणी काढू नये. पंधराव्या शतकातील मराठी माणूस आपल्या गावाविषयी, जमिनीविषयी, शेजाऱ्याच्या वरचढपणाविषयी काय विचार करीत होता, हे इतक्या जवळून दाखविणारे ग्रंथ आपल्या भाषेत किती आहेत? ती वाचताना राजाच्या पराक्रमापाशी थोडे सैल व्हावे आणि गावाच्या नावापाशी सावध व्हावे. यादीत कोण आहे हे वाचावे आणि कोण नाही हे शोधावे. अशा रीतीने वाचली तर ती आपल्याला स्वतःचा इतिहास कसा लिहावा आणि कसा लिहू नये, हे दोन्ही शिकविते.

यापुढे ज्या धर्मग्रामाची स्मरणिका निघणार असेल, त्या धर्मग्रामातील तरुणांना आमची एकच विनंती आहे. फादरांची परवानगी घेऊन नोंदवह्या पाहा. घरातील सर्वांत वृद्ध बाईपाशी बसा, तिला माहेरचे गाव विचारा, कोणत्या दुष्काळात कोण कोठे गेले ते विचारा, कोणाच्या शेतावर काय मजुरी मिळे ते विचारा, आणि ती सांगेल तसे लिहून काढा. जे कळले नाही त्यापुढे ‘माहिती मिळाली नाही’ असे लिहा. ती ओळ छापताना लाज वाटण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांनी शिवेच्या तंट्यात साक्ष दिली तेव्हा जो दगड पाहिला होता तोच त्यांनी दाखविला. त्यांच्याविषयी लिहिताना आपणही तेवढेच करावे.